जुनी २६ इंची हार्डटेल : कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीचे पाहुणे गेले, जिन्याखालची सायकल अंगणात आली. सायकल दादाची, २०१० च्या सुमारास पुण्यात घेतलेली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढेच सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक. तो बंगळुरूला गेल्यापासून ती उभीच होती. "चालव, पण विकू नको" एवढ्या अटीवर आता माझी. ॲल्युमिनियमची फ्रेम, २६ इंची चाकं, पुढे तीन मागे आठ गिअर, १०० मिलिमीटर दबणारा स्प्रिंगचा सनटूर एक्ससीएम फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा काटा) आणि केबलवर चालणारे डिस्क ब्रेक.

खरेदीची यादी वापरावरून निघते, म्हणून आधी वापर लिहून ठेवते. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट, पुढे पेट्री, कास, दिवस मोठा असेल तर बामणोलीपर्यंत उतरून परत. वाटेत डांबर सोडून वाड्यांकडे जाणारे जांभ्याचे आणि मुरमाचे कच्चे रस्ते. फुलांच्या पठारावर चाक घालायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. उड्या मारायच्या नाहीत, शर्यत नाही. चढ बसून चढता यावा आणि उतार जीव मुठीत न धरता उतरता यावा, बस.

पैशांची मर्यादा : बऱ्यापैकी नव्या हार्डटेलच्या निम्म्या किमतीच्या आत. त्यापुढे गेलं तर नवीच घ्यावी.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळ मोजमापात गेली. व्हर्निअर, स्टीलची पट्टी आणि वही.

स्टिअरर (फ्रेमच्या पुढच्या नळीतून, म्हणजे हेड ट्यूबमधून वर जाणारी फोर्कची दांडी) इंच आणि एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), वरपासून खालपर्यंत सारखा. हेड ट्यूबही बारीक, त्यामुळे खाली दीड इंच होणारा हल्लीचा निमुळता स्टिअरर हिच्यात जाणार नाही. मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी १३५ मिलिमीटर, पुढची १००, दोन्हीकडे क्विक रिलीज (खटक्याने चाक सोडायची सोय). म्हणजे हल्लीचे १४८ चे रुंद बूस्ट हब, आरपार जाणारा थ्रू ॲक्सल वगैरे विसरायचं. बॉटम ब्रॅकेटची (पायडलचा ॲक्सल फिरतो त्या बेअरिंगची) नळी ७३ मिलिमीटर, साधे आट्यांचे कप. सीटपोस्ट २७.२. हँडल मधोमध २५.४. ब्रेकच्या बुडाला आयएस पद्धतीचे आडवे कान, दोन भोकांत ५१ मिलिमीटर अंतर.

म्हणजे गेल्या दहा-बारा वर्षांत आलेलं निम्मं सामान या फ्रेमला बसतच नाही. मला हे बरंच वाटलं. दुकानाच्या पानावर तासन् तास घालवायची सोय उरत नाही.

२६ इंचाबद्दल लोक फार हळहळतात, म्हणून थोडं विषयांतर. हे माप कोणी हिशेब मांडून डोंगरासाठी निवडलं नव्हतं. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही मंडळी माउंट टॅमलपायसच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवरून जुन्या, जाड टायरच्या अमेरिकन सायकली पळवायची. १९७६ मध्ये त्यांनी त्यांच्या शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींना २६ इंची चाकं होती, म्हणून माउंटन बाइकलाही तीच आली आणि तीसेक वर्षं टिकली. २०१२ ते २०१४ च्या दरम्यान कंपन्यांनी २७.५ आणि २९ कडे मोहरा वळवला. २९ चं चाक खड्ड्यावरून जास्त सहज जातं, हे खरंच आहे. पण या फ्रेमच्या मागच्या नळ्यांत ते मावत नाही, तेव्हा वाद संपला.

साखळी मोजली. बारा इंचांवर पिन यायला हवी, ती बारा इंच एक सुताच्याही पुढे गेली आहे. अर्ध्या सुतालाच साखळी बदलायची असते. एक सूत झालं की ती कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) आणि पुढची दातीही (पायडलजवळची दातेरी चकती) खाऊन बसलेली असते. पुढची मधली दाती पाहिली तर दाते झिजून टोकदार झालेले. हा खर्च टळत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

हब. नवं काही विकत घेण्याआधी जुनी चाकं धड फिरतात का ते कळायला हवं.

दोन्ही हब कप-कोन प्रकारचे, सुटे छर्रे. पुढच्याला १३ चा पातळ कोन पाना, मागच्याला १५ चा. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. पुढे दीड सुती छर्रे, प्रत्येक बाजूला दहा. मागे दोन सुती, प्रत्येक बाजूला नऊ. कोनवर खड्डे नाहीत, कपही गुळगुळीत. हे नशीब, कारण कप हबमध्येच दाबून बसवलेला असतो. तो गेला की हब गेला.

छर्रे जुने घालायचे नाहीत. राजवाड्याजवळच्या मामांकडे गेले. त्यांचं दुकान म्हणजे टपरीच, पण हात सोन्याचा. त्यांनी मागचा छर्रा चिमटीत धरून बघितला आणि डबा पुढे सरकवला.

"ताई, सायकल इलायती असंल, छर्रं आपलंच हाय. दूधवाल्याच्या सायकलीला बी ह्योच लागतो."

खरंच तेच माप. शेकड्यावर पैसे द्यायची तयारी होती, त्यांनी मूठभर दिले आणि चहाचे पैसे मलाच द्यायला लावले.

कोन घट्ट करताना एक गोष्ट लक्षात ठेवायची. क्विक रिलीज आवळला की पोकळ ॲक्सल किंचित दाबला जातो. म्हणून चाक हातात असताना अगदी नखाएवढा खेळ ठेवायचा. फ्रेममध्ये आवळल्यावर तो नाहीसा झाला पाहिजे. हातातच खेळ शून्य केला तर फ्रेममध्ये छर्रे रगडले जातात.

मागच्या चाकाचा आउट, म्हणजे फिरताना डुलणं, मामांनीच काढला. ते काम मला येतं, पण त्यांना जेवढ्या वेळात येतं तेवढ्यात नाही.

आणखी एक तपासलं : मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट. स्वस्त सायकलींत आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं, आणि मग दहा गिअरचा विचार करायचा तर आधी चाक बदलावं लागतं. इथे लॉकरिंग (कॅसेट आवळणारी कडी) आहे, आत शिमानो कंपनीचा एचजी फ्रीहब (कॅसेट ज्यावर बसते तो भाग). हा आठ गिअरचा फ्रीहब नऊ आणि दहा गिअरच्या एमटीबी (माउंटन बाइकच्या) कॅसेटलाही चालतो. या एका लॉकरिंगने बरेच पैसे वाचले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

टायर. जुने १.९५ इंच रुंदीचे, बाजूने चिरा पडलेले. नवे २.२५ चे घेतले. त्याआधी मागच्या नळ्यांतली सगळ्यात अरुंद जागा मोजली. टायर आणि नळीत दोन्हीकडे पाच-सहा मिलिमीटर राहायला हवेत, नाहीतर पावसाळ्यात कासच्या लाल चिखलाने चाक जाम होतं. जागा पुरते, पण जेमतेम. २.३५ बसला नसता.

ट्यूबलेस करायचा मोह बाजूला ठेवला. रिम त्या कामाची नाही. टेप गुंडाळून जमवणारे लोक आहेत, पण घाटात टायरने रिम सोडलेली मला परवडणार नाही. ट्यूब मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्वची. रिमचं भोक त्याचंच आहे आणि पेट्रोल पंपावर हवा भरता येते.

दादा ५० पीएसआय भरायचा. मी पुढे २८, मागे ३२ पासून सुरुवात करते. माझं वजन साठच्या आत आहे. यापेक्षा कमी केलं तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटून दोन भोकं पडतात.

संध्याकाळी गल्लीतून आणि मागच्या मुरमाच्या मैदानातून चक्कर. जुन्या हार्डटेलला एकच गोष्ट बदलायची परवानगी मिळाली तर टायर बदलावेत. फोर्कच्या दहाव्या हिश्श्याच्या खर्चात सायकल बदलते.

१ डिसेंबर, रविवार

ब्रेक. या कामाला सगळ्यात जास्त वेळ दिला.

जुन्या केबलच्या कॅलिपरमध्ये (रोटरला, म्हणजे चाकावरच्या चकतीला, चिमटीत धरणारा भाग) फक्त बाहेरचा पॅड हलतो. तो रोटरला ढकलून आतल्या स्थिर पॅडवर दाबतो, म्हणजे दर वेळी रोटर किंचित वाकतो. पॅड झिजला की आतला पॅड हाताने पुढे आणावा लागतो. केबलच्या आवरणात चिखल गेला की लीव्हर जड होतो. शहरात चालून जातं. यवतेश्वरच्या उतारावर वळणामागून वळण येतं तेव्हा बोटं आखडतात आणि शेवटच्या वळणांना हातात जोर राहत नाही.

शिमानोचे एमटी२०० हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक घेतले. यांच्या लाइनीतले हे जवळपास सगळ्यात साधे, दोन पिस्टनचे. याहून भारी घेता आले असते, पण पॅड आणि तेल कुठेही मिळणं मला जास्त महत्त्वाचं. तेल मिनरल. डॉट प्रकारचं तेल यात चुकूनही जाता कामा नये, आतले रबरी सील फुगतात. गॅरेजमध्ये "ब्रेक ऑइल" मागितलं तर डॉटच हातात पडतं, म्हणून बाटली घरचीच ठेवायची.

मागवताना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असलेला संच पाहून घेतला. आपल्याकडे मोटारसायकलचीही सवय तीच. युरोप-अमेरिकेसाठी भरलेल्या संचात उलटं असतं, आणि ते बदलायचं तर होज (तेलाची नळी) काढून पुन्हा हवा काढत बसावं लागतं.

कॅलिपर पोस्ट माउंट या वेगळ्या पद्धतीचा, फ्रेम आणि फोर्क दोन्ही आयएस, म्हणून मध्ये ॲडॉप्टर. इथे एक खोच आहे : मागे १६० च्या रोटरला लागणारा ॲडॉप्टर पुढे लावला तर तो १८० चा रोटर मागतो. पुढच्या आणि मागच्या कानांचं ॲक्सलपासूनचं अंतर वेगळं असतं. त्यामुळे दोन ॲडॉप्टर दोन वेगळ्या मापांचे घ्यायचे.

जुने रोटर मायक्रोमीटरने मोजले, मागचा दीड मिलिमीटरच्या खाली. शिमानोचा नवा १.८ असतो आणि १.५ ला टाकून द्यायचा असतो. दोन्ही बदलले. सहा बोल्ट, चांदणीच्या आकाराचा टी२५ पाना, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळायचे. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. त्यानंतर बोट लावायचं नाही.

फ्रेमवरचे केबलचे खटके उघड्या केबलसाठी आहेत, अखंड होज त्यातून जात नाही. खटक्यांवर बसणारे छोटे क्लिप आणि झिप टाय लावले. दिसायला फार देखणं नाही.

कॅलिपर मध्यावर आणायची साधी रीत : दोन्ही बोल्ट सैल करायचे, लीव्हर दाबून धरायचा, तसंच धरून बोल्ट आवळायचे. पुढचा लगेच बसला. मागचा घासत राहिला, कारण मागच्या कानांवर रंगाचा जाड थर होता. तो बारीक कानशीने सपाट केला. मग शांत.

८ डिसेंबर, रविवार

अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर ब्रेक रुळवले. नवे पॅड पहिल्या दिवशी अर्धेच धरतात. बऱ्यापैकी वेग घेऊन चालण्याच्या वेगापर्यंत दाबायचं, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. पॅडचं द्रव्य रोटरवर सारखं पसरेपर्यंत हेच. गडावर फिरायला आलेल्या एका आजोबांना वाटलं सायकल बिघडली आहे. "बाळ, ढकलत ने," म्हणाले.

आता एका बोटाने थांबते.

२२ डिसेंबर, रविवार

गिअरचं गणित. वहीतून इथे उतरवते, कारण निर्णय यावरच झाला.

आकडे दात्यांचे. जुनी कॅसेट ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२. पुढे ४२, ३२, २२. म्हणायला चोवीस गिअर, पण त्यातले बरेच एकमेकांवर पडतात. ४२ ला २१ (म्हणजे ४२ भागिले २१) आणि २२ ला ११, दोन्हींचं उत्तर नेमकं दोन. सगळ्यात हलका २२ ला ३२, म्हणजे ०.६९.

शिमानो डिओरे एम४१०० ची दहाची कॅसेट घेतली तर तिच्या पहिल्या आठ चकत्या अगदी याच आहेत, आणि वर ३७ नि ४६ येतात. पुढे एकच ३२ ची दाती ठेवली तर सगळ्यात हलका ३२ ला ४६, म्हणजे ०.७०. चढाला गमावलं काहीच नाही. गमावलं ते वेगाच्या टोकाला : ४२ ला ११ म्हणजे ३.८ होतं, आता २.९. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०७ मीटर. मिनिटाला ९० पायडल मारले तर ताशी साडेबत्तीस किलोमीटर. त्यापुढे पाय नुसते फिरतील. घाटात उतरताना मी पायडल मारत नाही, आणि महामार्गावर ही सायकल न्यायची नाही.

खटकणारी एक गोष्ट आहे. ३७ वरून ४६ ची उडी मोठी, जवळजवळ पावपट. लय तुटणार.

साखळी आणि दाती शाबूत असती तर हा बदल मी केला नसता. तीन बाय आठ वाईट नाही, आठची साखळी स्वस्त आणि दणकट असते. पण सगळंच झिजलंय, तेव्हा तेवढ्याच सामानाचे पैसे पुन्हा तिथेच घालण्यापेक्षा पुढचा डिरेलर (साखळी एका दातीवरून दुसरीवर ढकलणारा भाग), डावा शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) आणि त्याची केबल कायमची काढून टाकणं बरं. चिखलात सगळ्यात आधी पुढचा डिरेलरच अडतो.

घ्यायचं ते एकत्रच घ्यावं लागतं. दहाच्या एमटीबी गिअरमध्ये शिमानोने शिफ्टर किती केबल ओढतो ते माप बदललं, त्यामुळे जुना आठचा डिरेलर नव्या शिफ्टरबरोबर चालत नाही. डिरेलर क्लचवाला एम५१२० घेतला. क्लच साखळी ताणून धरतो. पुढे जाड-बारीक दात्यांची चेनरिंग, म्हणजे पुढची दाती. हे दाते २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने आपल्या एक्सएक्स१ गिअरसंचाबरोबर आणले, आता सगळेच करतात. साखळीच्या रुंद-अरुंद कड्यांत ते दाते एकाआड एक बसतात, म्हणून पुढच्या डिरेलरशिवायही साखळी पडत नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

आधी क्रँक (पायडलचा दांडा). चौकोनी ॲक्सल, म्हणून क्रँक पुलर लागतो. हातोडीने ठोकून काढू नये. क्रँकला चार बोल्टचं १०४ मिलिमीटरचं वर्तुळ आहे आणि दात्या सुटतात. पुष्कळ स्वस्त क्रँकना त्या रिव्हेट मारलेल्या असतात. ३२ ची नवी चेनरिंग मधल्या जागी बसवली, त्यामुळे साखळीची रेघ कॅसेटच्या मध्याशी जुळते. तीनऐवजी एकच दाती राहिल्याने जुने बोल्ट लांब पडतात. आखूड बोल्ट आधीच मागवले होते.

बॉटम ब्रॅकेट कार्ट्रिज प्रकारचं, फिरवलं की आतून खरखर. बदलणं भाग होतं. उजव्या बाजूचे आटे उलटे, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. हे माहीत असूनही ते सुटेनात. ॲल्युमिनियमच्या नळीत स्टीलचा कप चौदा वर्षं बसलेला. रात्रभर गंज सोडवणारं तेल घालून ठेवलं, सकाळी मामांकडे नेलं. त्यांनी पान्याला हातभर पाइप चढवला, मला फ्रेम धरायला लावली.

"आता हिकडं बघू नका. आवाज आला म्हंजी सुटलं."

कडकन आवाज आला. सुटलं. आटे शाबूत. नवं कार्ट्रिज जुन्याच लांबीच्या ॲक्सलचं, दोन्हीकडे भरपूर ग्रीस लावून.

मग हँगर. डिरेलर लटकतो ती पट्टी डोळ्यांना सरळ वाटली तरी मोजून घ्यावी. दहाच्या गिअरला आठपेक्षा कमी चूक चालते. हँगर गेजने पाहिलं तर खालचं टोक आत वळलेलं. दादा कधीतरी उजव्या कुशीवर पडला असणार. सरळ केली.

साखळी पुढच्या दातीवरून ४६ वर नेऊन, डिरेलर पूर्ण ताणला जाणार नाही एवढी जागा सोडून तोडली. हार्डटेलला मागे सस्पेन्शन नाही, मधलं अंतर बदलत नाही, त्यामुळे एवढ्यावर भागतं. बी-स्क्रू (डिरेलर आणि कॅसेटमधलं अंतर ठरवणारा) आवळून डिरेलरची वरची छोटी चकती ४६ पासून थोडी दूर आणली. गिअर लागले. शेवटच्या उडीला आवाज येतो, येऊ दे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम नाही. दादाला फोटो पाठवला. त्याचा प्रश्न एकच : "डावा शिफ्टर कुठे गेला?" फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलाय, म्हटलं.

१९ जानेवारी, रविवार

हँडल. जुनं ६०० मिलिमीटर रुंद, त्याला १०० चा स्टेम (हँडल धरणारा दांडा). नवं ७२० रुंद, मधोमध ३१.८, म्हणून स्टेमही नवाच. हल्ली ४०-५० चे आखूड स्टेम लावतात, पण ते लांब वरची नळी असलेल्या नव्या फ्रेमवर शोभतात. ही फ्रेम आखूड आहे. तिला ४५ चा स्टेम लावला तर बसायची जागा आवळते आणि चढावर पुढचं चाक हलकं पडून भरकटतं. ७० चा घेतला. ७२० रुंदीने पोवई नाक्याच्या गर्दीतून जाताना खांदे आकसावे लागतात, पण कच्च्या रस्त्यावर हात स्थिर राहतात.

२ फेब्रुवारी, रविवार

फोर्क. सगळे विचारतात, "फोर्क नाही बदलला?"

नाही. सरळ स्टिअरर, २६ इंच, क्विक रिलीज अशा तिन्ही अटींत बसणारे हवेचे फोर्क थोडे उरलेत, आणि त्यातला बरा घ्यायचा तर ब्रेक आणि गिअरचा एकत्र खर्च त्यात जातो. जास्त दबणारा लावावा तर तेही नको. फोर्कची लांबी २० मिलिमीटरने वाढली की हेड ट्यूबचा कोन साधारण एक अंशाने झोपतो. १०० च्या जागी १४० लावला तर दोन अंश, आणि हेड ट्यूबच्या जोडावर ती फ्रेम ज्यासाठी बनली नाही तेवढा भार.

म्हणून सर्व्हिस. खालचे दोन बोल्ट काढले, खालचे पाय ओढून काढले. आतलं ग्रीस चिखलाच्या रंगाचं. पायांच्या आतले बुश पुसले. थोडा खेळ आहे, पण चालेल. नळ्यांवर चरे नाहीत. नवं ग्रीस, स्प्रिंगलाही ग्रीस म्हणजे खडखड कमी. आधी तो अर्धाच दबत होता, आता पूर्ण दबतो. उसळी आवरायची सोय या फोर्कमध्ये नाही, त्यामुळे लागोपाठच्या खड्ड्यांवर तो उडतो. तिथे वेग कमी करायचा.

१६ फेब्रुवारी, रविवार

कासपर्यंत. पहाटे साताऱ्यातून निघाले. यवतेश्वरच्या चढाला ४६ वर बसूनच. ३७ वरून ४६ वर जाताना पाय एकदम रिकामे पडतात ही तक्रार कायम, पण चौथ्या-पाचव्या वळणानंतर अंदाज येतो. पेट्रीच्या पुढे डांबर सोडून जांभ्याच्या रस्त्याला लागले. फेब्रुवारीत तिथे लाल धूळ पिठासारखी उडते. पुढच्या टायरला २८ जास्त वाटले, वाटेतच थोडी हवा सोडली. २६ वर छान.

परतताना घाटभर ब्रेक वापरले. मागचा शेवटी किंचित किरकिरला, धरणं कमी झालं नाही. त्याच्या रोटरवर लाल धूळ बसली होती, पुसल्यावर आवाज गेला.

मे संपायच्या आत करायचं : पॅडचा एक जादा जोड, शिफ्टरची केबल आणि आवरण नवं, मागच्या चाकासाठी मडगार्ड, हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) उघडून छर्रे. मागच्या चाकात एक स्पोक सैल वाजतोय, तो उद्या मामांकडे.